अळणीचा हिवाळा

डॉक्टरांनी परवा चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहून दिल्या. तिखट बंद, तळलेलं बंद, लोणचं बंद. सूनबाईनं ती चिठ्ठी फडताळाच्या दाराला चिकटवली, आणि मी चिडलो. वय झालं म्हणून नाही, वय व्हायचंच. चिडलो ते अशासाठी, की ही यादी माझी आयुष्यात एकदा पाठ करून झाली होती. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, दगड खाल्ला तरी पचत होता, आणि राहत होतो कोल्हापुरात.

आता मार्गशीर्ष लागलाय. नदीकडची गुऱ्हाळं सुरू झालीत आणि सकाळी खिडकी उघडली की उकळत्या रसाचा तो जड, गोड वास थेट अंथरुणापर्यंत येतो. फिरायला येणारे माझे सोबती छाती भरून तो वास घेतात आणि ‘वा!’ म्हणतात. मलाही ‘वा’ म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला त्या वासानं दरवर्षी एकच हिवाळा आठवतो, आणि त्या हिवाळ्यात मी काय काय खाल्लं नाही ते सगळं ओळीनं आठवतं. जेवलेलं विसरायला होतं हो, न जेवलेलं मात्र विसरत नाही.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढचा तो हिवाळा. चौकाचौकांत त्याचीच चर्चा, कुणी हळहळतंय, कुणी ‘बरं झालं’ म्हणतंय. मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मी नेसरीहून कॉलेजसाठी आलो होतो, गाण्याच्या नादात इंटरला एकदा आपटलो होतो, आणि वडिलांनी मला पेरूच्या झाडाखाली उभं करून निर्णय सांगितला होता.

“शिमग्यापतूर बघतो. तुझ्या बुवानं चार लोकांत बसवून तुला गायला लावलं, तर गा जन्मभर, मी आडवा येनार न्हाय. न्हाय लावलं, तर इचलकरंजीच्या शाळंत मास्तराची जागा हाय, ती धरायची.”

वडील शेतकरी माणूस, आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. म्हणणं इतकं रास्त होतं की भांडायलाही जागा नव्हती. त्याचाही मला राग आला.

माझे बुवा म्हणजे तात्याबुवा. शुक्रवार पेठेत त्यांची माडी होती. ठेंगणे, काळेसावळे, बोलताना आवाज असा फाटका की भाजीवाला बरा. पण तंबोरा कानाशी आला की तोच गळा कुठून तरी दुसरा होऊन यायचा. एके काळी दरबारात गायलेले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नुसता षड्ज लावून घेतला. मग बराच वेळ सुपारी कातरत बसले.

“कान चांगला हाय,” ते म्हणाले. “ये उद्यापास्नं. तिखट खायचं न्हाय. आंबट न्हाय, तळकट न्हाय, गार काय प्यायचं न्हाय. गानाऱ्यानं गळा राखायचा. बाकीच्यांनी काय बी खावं.”

मी त्या लाकडी जिन्यावरून उतरलो तो जवळजवळ तरंगतच. बुवांनी मला गाणाऱ्यांत धरलं होतं! ‘कान चांगला’ हे तर वर आणखी. गळ्याबद्दल ते काहीच बोलले नव्हते, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

बुवा स्वतः मात्र सगळं खात. रियाज घेता घेता आतून काकींनी, म्हणजे बुवांच्या बायकोनं, भाकरीवर ठेचा घालून आणला की बुवा तो आमच्या डोळ्यांदेखत खात आणि बोटं चाटत पुढची तान सांगत. एकदा मला राहवलं नाही. मी विचारलं, “बुवा, तुम्हाला चालतं?”

“माझा गळा झालाय,” ते म्हणाले. “तुझा व्हायचाय.”

मी पुन्हा षड्ज लावला.

आणि त्याच हिवाळ्यात माझ्या दोन मित्रांनी कोल्हापूर खायला काढलं. आम्ही तिघं शिवाजी पेठेत एका खोलीत राहायचो. बापू हा पन्हाळ्याकडचा, नावाला कॉलेजात, बाकी सगळा तालमीत. मान आणि डोकं एकाच जाडीचं. दुसरा मुकुंदा. त्याचे वडील बेळगावला कोर्टात कारकून, घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात वर्ज्य. या मुकुंदानं कोल्हापुरात येऊन पहिल्यांदा मटण खाल्लं आणि त्याला आपण आजवर फसवले गेलो असं वाटायला लागलं. त्यानं जाहीर केलं, की परीक्षेपर्यंत गावातली एकही खानावळ सोडायची नाही. आणि गाणं-बजावणं जिथं असेल तिथंही जायचं, कारण एवढ्या गावात राहून नुसतं खाल्लं असं व्हायला नको.

“गाण्याचं तू बघ,” तो मला म्हणाला, “खाण्याचं आम्ही बघतो.”

म्हणजे माझ्या वाट्याला काय आलं, बघा. रविवारी दुपारी आम्ही खानावळीत जायचो. आत धूर, लाकडाच्या चुलीवर रांगेनं पातेली, भिंतीला पाठ लावून बसलेली घामाघूम माणसं. तांबड्या रश्श्यावर तवंग असा की त्यात छपराच्या कौलांची फट दिसावी. वाढपी यायचा, “पावणं, तांबडा का पांढरा?” आणि बापू अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, “आम्हाला तांबडा. आन् ह्याला अळणी आण. बाळंतीण हाय!”

अळणी म्हणजे मटण शिजलेलं पाणी. तिखट पडायच्या आधी वेगळं काढलेलं, हळदीनं पिवळं झालेलं. कोल्हापुरात ते तान्ह्या पोरांना देतात, आजाऱ्याला देतात, आणि बापू म्हणतो त्यांना देतात. ते मी वाटीभर घेऊन बसायचो. शेजारी मुकुंदा नाक पुसत, कानशिलं लाल करून, “अरे काय चव आहे, अरे काय चव आहे” असं करत जेवायचा. तिखट खाणाऱ्याच्या शेजारी अळणी पिणं ही शिक्षा ज्यांनी भोगली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही.

“पांढरा तरी घे की,” बापू म्हणायचा. “त्यात कुठं मिरची हाय?”

“मिरी असते. आणि खोबऱ्यानं कफ होतो.”

“एका वाटीनं गळा झडून पडतोय व्हय तुझा?”

मी मान हलवायचो. आपण फार मोठं काही करतोय असा चेहरा करायचो. तो चेहरा आज आठवला की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

खासबागेशेजारी भेळ, नाही. मिसळ, तर विचारूच नका. उसाचा रस गार, म्हणून नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असायच्या, समोर धार काढून फेसासकट पेला हातात द्यायचे. तेवढं मात्र बुवांना चालत होतं. बापू चार पेले उभ्या उभ्या रिचवायचा आणि मी एक पेला हातात धरून मनातल्या मनात बुवांचे आभार मानायचो. इतका मी गरीब झालो होतो.

खाणं त्यांचं चाललं होतं, पण गाणं तरी माझं होतं की नाही? तेही नव्हतं. ज्या कानाचं बुवांनी कौतुक केलं तो कानच माझ्या मुळावर उठला होता. रविवारी सकाळी कुठल्या तरी दिवाणखान्यात बैठक असायची. मी त्या दोघांना घेऊन जायचो. मुकुंदा डोळे मिटून डोलायचा, बापू भिंतीला टेकून मनापासून झोपायचा, आणि दोघं बाहेर आल्यावर तृप्त दिसायचे. मी मात्र आतून ओरबाडलेला. गवयाचा गंधार एकदा चढला होता, पेटी तंबोऱ्याशी जुळत नव्हती, तबला मध्येच उतरला. हे सगळं मला ऐकू आलेलं असायचं आणि बाकी दोनशे माणसांना नाही.

भवानी मंडपाच्या बाजूला एका हॉटेलात ग्रामोफोन होता. तिथं आम्ही चहाला जायचो, म्हणजे ते भजी खायचे आणि मी चहा. त्या ग्रामोफोनची चावी कायम ढिली. तबकडी हळू फिरायची आणि बाईचा आवाज निम्म्या सुरानं खाली, जांभई दिल्यासारखा येत राहायचा. दोन-तीन दिवस मी सोसलं. चौथ्या दिवशी उठून गल्ल्यावरच्या मालकाला म्हणालो, “मालक, चावी देता का जरा? गाणं उतरलंय.”

मालकानं माझ्याकडं पाहिलं, ग्रामोफोनकडं पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडं. “पावणं,” तो म्हणाला, “आठ वर्सं ह्योच वाजतोय. तुमचा चहा निवला बघा.”

बापू भजी हातात घेऊन हसता हसता बाकावरून पडायचा राहिला होता. तेव्हापासून दोघं मला ‘बुवा’ म्हणायला लागले. चिडवायला म्हणायचे, मला ठाऊक होतं. तरी ते ऐकून आत कुठं तरी बरं वाटायचं.

पौषात बापूच्या मामाचं गुऱ्हाळ लागलं तिथं आम्ही दिवसभर गेलो. चरकाला बैल फिरत होते, चिपाडाचा जाळ, काहिलीवर वाफेचा खांब. दोघांनी आलं-लिंबू पिळून रस ढोसला. मला गरम काकवी मिळाली, आणि सांगतो, ती उत्तम होती. गुळव्या म्हणजे गूळ उतरवणारा मुख्य माणूस, म्हातारा, डोळे धुरानं लाल झालेले. बापूनं त्याला माझी ओळख करून दिली, “आमचं बुवा. लई मोठं गानार हैत पुढं.”

“मग म्हना की कायतरी,” गुळव्या म्हणाला. “बैलास्नी बी बरं वाटंल.”

बुवांनी बाहेर गायला मनाई केली होती. पण हिवाळ्याची दुपार होती, सगळी आपली माणसं होती, आणि महिनोन्‌महिने मी नुसता खर्ज घोटत होतो. मी चिपाडाच्या ढिगावर बसलो आणि भूप धरला. खाली बरं चाललं होतं. वरच्या षड्जाकडं निघालो. तो कुठं आहे हे मला स्वच्छ ऐकू येत होतं, हात लावावा इतका जवळ. आणि माझा आवाज त्याच्या अलीकडं येऊन चिरला. पुन्हा गेलो, पुन्हा तिथंच चिरला.

गुळव्या ढवळायचा थांबला नव्हता. त्यानं पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी करून पाहिली, मग म्हणाला, “आवाज बारीक हाय. पर सुरात हाय.”

“धूर गेला घशात,” मी म्हणालो.

“व्हय, धूर लई हाय,” तो म्हणाला. भला माणूस होता.

त्यानंतर मी पथ्य आणखी आवळलं. चहा सोडला. पेरू सोडला. मुकुंदाशीसुद्धा हळू बोलायला लागलो, उगाच गळा खर्च व्हायला नको. काकी एकदा म्हणाल्या, “पोरा, तोंड किती उतारलंय तुझं, कायतरी चवीचं खात जा की.” मी त्यांना पथ्याचं महत्त्व समजावून सांगितलं! ज्या बाईनं पंचवीस वर्षं गवयाचं घर सांभाळलं तिला!

माघात एक गोष्ट घडली आणि मी पार हवेत गेलो. बुवांनी तंबोरे लावायचं काम माझ्याकडं दिलं. माडीवर चार तंबोरे होते. बाकीचे शिष्य यायच्या आधी जाऊन मी ते लावायचे, आणि ते गायला बसले की मागं बसून छेडायचे. बुवा इतरांना सांगायचे, “ह्यानं लावलाय न्हवं? मग बघाय नको.” मी खोलीवर येऊन हे शब्द दोघांना तीनदा ऐकवले.

बापूनं त्याचा अर्थ लावला. त्याला अर्थ लावायला एकच शास्त्र येत होतं. “आमच्या तालमीत,” तो मांडी घालून सांगायला लागला, “वस्ताद ज्याला हौद्याची माती उकराय लावत्यात न्हवं, त्यालाच पुढं कुस्तीला उतरवत्यात. उगं कुनालाबी मातीला हात लावू देत न्हाईत. तंबोरा म्हंजे तुमच्यातली माती. तुझं नाव ठरलंय बघ.”

हे आम्हा तिघांनाही पटलं. मुकुंदाला तर्कशास्त्र विषय होता, त्यालाही पटलं. गाण्याच्या घरात तालमीचा कायदा लागू होत नाही हे सांगायला तिथं चौथा कुणी नव्हता, आणि असता तरी मी ऐकलं नसतं. मी वडिलांना पत्र टाकलं: फाल्गुनात बुवांच्या गुरूंची पुण्यतिथी आहे, त्या दिवशी सगळे शिष्य गातात, माझंही गाणं होईल.

पुढं तीस वर्षं मी इचलकरंजीत मास्तरकी केली. वर्गाच्या खिडकीबाहेर मागांचे कारखाने होते. दिवसभर खडखड खडखड. बाकीच्या मास्तरांना तो नुसता आवाज वाटायचा. मला त्या खडखडाटाच्या बुडाशी एक सूर ऐकू यायचा, आणि पाळी बदलताना कमी माग चालले की तो किती उतरला तेही कळायचं. व्याकरण शिकवता शिकवता माझा अंगठा बोटांवर तंबोरा छेडत असायचा. मुलं हसायची. असा कान द्यायचा आणि गळा द्यायचा नाही, ही कुठली रीत झाली? नुसता कान नसता तर मी सुखी झालो असतो. कुठल्या तरी भजनात बेसूर ओरडलो असतो, लोकांनी नारळ दिला असता, मी तो घरी आणला असता. बेसुरा माणूस मला भेटला की अजून हेवा वाटतो. त्याला आपलं गाणं ऐकू येत नाही. मला माझं ऐकू येत होतं, नेहमीच. फक्त मी दुसऱ्या कुणीतरी ते सांगायची वाट पाहत होतो.

पुण्यतिथीच्या दिवशी सकाळीच माडी भरली. बापू आणि मुकुंदा परीटघडीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. बापूनं तर फेटा बांधला होता, आणि तो मला लांबून खुणा करत होता, की आम्ही आहोत. मी पहाटेच येऊन तंबोरे लावले होते. तसे ते आयुष्यात पुन्हा माझ्याकडून लागले नाहीत. गुरूंच्या तसबिरीला हार घातला आणि बुवा एकेकाचं नाव घ्यायला लागले. ज्याचं नाव यायचं तो पुढं सरकायचा, नमस्कार करायचा, गायचा. मी मागं तंबोरा घेऊन. एक झाला, दुसरा झाला. प्रत्येक नावाआधी मी तंबोरा आडवा ठेवायला घ्यायचो, आणि नाव दुसऱ्याचं निघालं की तो उभा करून पुन्हा छेडायला लागायचो. पाचवा झाला, सहावा झाला. मग बुवा स्वतः बसले. गुरूच्या घरी शेवटी कोण बसतं हे मला ठाऊक होतं, तरीही मी स्वतःला सांगितलं, जेवणानंतर असेल.

बुवा गायले आणि मग म्हणाले, “चला, पानं घ्या.”

पंगत खाली पडवीत बसली. त्या घरची पद्धत अशी, की या दिवशी रस्सा बुवा स्वतःच्या हातानं वाढायचे. गाणारे शिष्य भिंतीकडच्या ओळीत, त्यांना अळणी. समोरच्या ओळीत पाहुणे, त्यांना तांबडा. मी सवयीनं भिंतीकडं बसलो होतो. बुवा तांबड्याची बादली घेऊन पाहुण्यांची ओळ संपवून वळले आणि माझ्यासमोर येऊन थांबले. मी वाटीवर हात धरला, चुकून आले असतील.

“हात काढ,” बुवा म्हणाले.

मी वर पाहिलं. ते वाकले होते, घामानं डबडबलेले, आणि तो फाटका आवाज त्यांनी इतका खाली आणला होता की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

“घे की. तुला आता काय हरकत न्हाय.”

मी हात काढला. त्यांनी वाटी काठोकाठ भरली, एक फोड जास्त घातली, आणि बादली घेऊन पुढं न जाता परत वळले. माझ्या ओळीत तांबडा घेणारा मी एकटाच होतो.

समोरून बापू ओरडला, “सुटला गडी! बुवा, सुटलास की रं!” अख्खी पंगत हसली. मुकुंदा हसला नाही. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घालून भाकरी मोडायला लागला.

नंतर कितीतरी वर्षं मी चरफडत राहिलो, की त्या माणसानं मला सरळ तोंडावर का सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी का नाही, गळ्यात काही नाही, जा घरी, जेव पोटभर. आता वाटतं, पहिल्या दिवशी त्यांनाही आशा वाटली असेल. एवढा चांगला कान, गळा येईल मागून, राखून तर बघू. म्हणजे तो हिवाळा त्यांनीही वाट पाहण्यात घालवला. हे कळल्यावर राग गेला असं मात्र नाही. फक्त कुणावर करायचा ते कळेनासं झालं.

शिमगा चार दिवसांवर होता. वडिलांना काय सांगायचं, ट्रंक कशी न्यायची, असलं काहीबाही डोक्यात फिरत होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्या वाटीत बुडवला. मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. खरं सांगायची लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. इतका चवदार रस्सा मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि त्यानंतर खाल्ला नाही. कपाळाला घाम सुटला, कान तापले, सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. मी वाटी पुसून खाल्ली, आणि बुवा पुन्हा समोरून जायला लागले तेव्हा हात वर करून आणखी मागितला.